स्टिकर काढू, की नवा लॅपटॉप घेऊ?

प्रश्न थोडक्यात असा : नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एक ताई अंबडच्या पाच-सहा लहान कारखान्यांचे हिशेब घरून लिहितात. १७ महिन्यांपूर्वी ५६,००० रुपयांना घेतलेला लॅपटॉप टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), एक्सेल आणि जीएसटीचं पोर्टल एकदम उघडलं की अडकतो. रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, ८ जीबी. सोबत ४,२०० रुपये भरून कंपनीच्या पहिल्या वर्षापुढची दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घेतली होती, तिचे १९ महिने शिल्लक आहेत. रॅम वाढवायला अधिकृत सेवा केंद्र ११,९०० मागतं, महात्मा गांधी रोडवरचा दुकानदार ५,६००. ‘बाहेर सील तोडलंत तर वॉरंटी गेली,’ असं केंद्रानं बजावलंय. शोरूमवाला जुना २१,००० ला घेऊन ७४,००० चा नवा नो-कॉस्ट, म्हणजे बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या, हप्त्यांवर द्यायला तयार आहे.

ताई, नव्या लॅपटॉपचा विचार आधी सोडा. वरचे ५३,००० म्हणजे वर्षभर महिन्याला ४,४०० च्या आसपास हप्ता. नो-कॉस्टमध्ये रोखीच्या गिऱ्हाइकाला मिळणारी सूट बहुतेकदा हातची जाते, आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो तो वेगळाच. निव्वळ रॅम अपुरी म्हणून धडधाकट यंत्र २१,००० ला काढू नका.

आता वॉरंटीची किंमत काढू. २४ महिन्यांचे ४,२००, म्हणजे महिन्याला १७५ रुपये. उरलेल्या १९ महिन्यांचे झाले ३,३२५. बाहेर रॅम टाकून वाचतात ६,३००. वॉरंटी पूर्ण बुडाली असं धरलं तरी विकणाऱ्यानंच लावलेल्या भावानं तुम्ही पुढेच आहात.

भीती असते ती मदरबोर्डची, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाची. समजा तो गेला आणि २२,००० चा खर्च आला. वाचलेले ६,३०० त्याच्या साधारण २९ टक्के होतात. शंभरातले २९ लॅपटॉप या १९ महिन्यांत असे बिघडले आणि प्रत्येकाला वॉरंटी नाकारली गेली, तर कुठे तुमचं गणित बरोबरीत येईल. इतकी यंत्रं बिघडत असती तर ४,२०० रुपयांत कुणी हमी विकली नसती. मात्र अचानक आलेला २२,००० चा खर्च पेलायला तुमच्याकडे काहीच शिल्लक नसेल, तर माझं उत्तर बदलेल. मग ११,९०० देऊन केंद्राकडूनच करून घ्या.

आणि सील तुटलं म्हणजे वॉरंटी गेली, हे केंद्रातल्या माणसानं म्हटल्यानं ठरत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या कार्यालयातल्या लॅपटॉपचा कीबोर्ड गेला. काउंटरवरच्या मुलानं यंत्र उलटं केलं, एका स्क्रूवरच्या डाळीएवढ्या स्टिकरचा कोपरा उचकटलेला पाहिला आणि न उघडताच परत दिलं. आम्ही आधी एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) बदलली होती, हे खरं. पण एसएसडीमुळे कीबोर्ड कसा बिघडला, आणि वॉरंटीच्या कुठल्या अटीत हे लिहिलंय, एवढंच मी कंपनीला ईमेलनं विचारलं. आठवड्यात कीबोर्ड बदलून मिळाला.

अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्याच्या आधारे तिथल्या व्यापार आयोगानं २०१८ साली सहा कंपन्यांना अशा अटींबद्दल ताकीद दिली. आपल्याकडे इतका थेट कायदा नाही. तरी बाहेर दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी रद्द करण्याच्या प्रथेवर भारतीय स्पर्धा आयोगानं २०१४ मध्येच १४ मोटार कंपन्यांच्या प्रकरणात बोट ठेवलं होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण मुद्दा तोच आहे. डिसेंबर २०२२ पासून केंद्र सरकारचं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही आहे.

तुमच्या बाबतीत एक बारीक गोष्ट महत्त्वाची. व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक ठरत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरणारा ठरतो. तुम्ही त्यात बसता. बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक असेल तर समोरचा वकील तो मुद्दा काढेल, म्हणून बिल एकदा पाहून घ्या. वाद झालाच तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, मग जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असल्यानं तिथे शुल्क नाही; मुदत दोन वर्षांची.

तेव्हा महात्मा गांधी रोडवर जा, पण तयारीनं. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये रॅम बदलायची पद्धत दिली आहे का बघा. काही मॉडेलमध्ये ती बोर्डालाच सोल्डर केलेली असते, मग विषयच संपला. पद्धत दिली असेल तर कंपनीला ईमेल करा : ‘मी रॅम बदलली तर उरलेल्या भागांची वॉरंटी चालू राहील का?’ उत्तर जपून ठेवा. दुकानात स्वतः बसा, उघडण्याआधी आणि नंतर फोटो काढा, सीरियल क्रमांक घातलेलं पक्कं बिल घ्या, आणि जुनी रॅम काढली तर ती परत मागून घ्या. उघडताना दुकानदाराच्या हातून काही तुटलं तर कंपनी ते भरून देणार नाही आणि तिचं चुकणारही नाही. म्हणून ती जबाबदारी बिलावर लिहून मागा.

वाचलेले ६,३०० दुरुस्तीच्या नावानं वेगळ्या खात्यात टाका. आणि लॅपटॉप दुकानात न्यायच्या आदल्या रात्री सगळ्या कारखान्यांच्या टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन तो घरीच ठेवा.