1 जूनला 18 पूर्ण झाले, आता मोठ्या जेलात टाकतील का?

प्रश्न : वकीलताई नमस्कार, माझ्या बहिणीच्या पोराला 20 मे ला पकडलं. मोबाईल खेचून पळायची केस आहे, गाडी चालवणारा 22 वर्षांचा आणि हा मागं बसलेला. दाखल्यावर जन्मतारीख 1 जून आहे (झाला तो गणपतीत, पण शाळेत घालताना गुरुजींनी लिहिली तीच राहिली), म्हणजे पकडल्यावर 12 दिवसांत 18 पूर्ण. तेव्हापासून निरीक्षणगृहातच आहे. जुलैत जामीन मंजूर झाला पण जामीनदार मिळेना, बहीण चार घरची धुणीभांडी करते, तिच्यासाठी सातबारा घेऊन कोण उभं राहणार? आता दिवाळी आली तोंडावर. लोक म्हणतात 18 झाला की मोठ्या जेलात हलवतात, तो दुसरा पोरगा तिथंच आहे म्हणे. बहीण वाढदिवसाला केक घेऊन गेलेली, तोसुद्धा गेटवरनं परत पाठवला.
– एक मावशी, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, आधी बहिणीला जेवायला बसवा, कारण जेलचं जे ऐकलंय ते चुकीचं आहे. कायदा बघतो तो गुन्हा घडला त्या दिवशीचं वय, आजचं नाही. 20 मे ला तो 18 च्या आत होता ना, मग 12 दिवस कमी असोत की एक दिवस, केस बाल न्याय मंडळातच चालणार आणि निकाल पण तो अजून लहानच आहे असं धरूनच लागणार. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 5 हेच सांगतं. तो 22 वर्षांचा पोरगा सज्ञान, त्याची केस नेहमीच्या कोर्टात, दोघांची एकत्र चालवताच येत नाही. तुमच्या गल्लीतला गोंधळ तिथनंच सुरू झालाय.

हलवू शकतात, पण ते 'सुरक्षित जागा' म्हणून असते तिथं. लॉकअप किंवा जेलला सुरक्षित जागा म्हणता येत नाही हे व्याख्येतच लिहिलंय. कधीकधी ती निरीक्षणगृहालाच जोडलेली असते, मोठी झालेली पोरं बारक्यांपासून वेगळी राहावीत एवढाच हेतू. 21 नंतर जेल वगैरे जे ऐकता ते खून-बलात्कारासारख्या केसेसचं, जिथं 16 ते 18 मधल्या पोराचा खटला मोठ्यांसारखा चालवायचा असं ठरतं.

आणि त्या 1 जूनवरनं उगाच वाद काढू नका. आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनला असतो, माझ्या सख्ख्या काकांचा पण आहे. वय ठरवताना शाळेचा दाखला आधी बघतात, तो नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. तुमचा दाखला तुमच्याच बाजूचा आहे. हेच जूनच्या 5 तारखेला घडलं असतं तर मात्र गणपतीतला जन्म सिद्ध करत फिरावं लागलं असतं.

मला खरा राग आलाय तो जामिनाचा. जामीन मंजूर होऊन पोरगा तीन महिने आत, का तर सातबारा नाही! अहो कलम 12 म्हणतं की सात दिवसांत अट पूर्ण करता आली नाही तर पोराला परत मंडळासमोर उभं करायचं आणि अट बदलायची. जामीनदाराशिवाय, प्रोबेशन ऑफिसरच्या देखरेखीखाली सोडता येतं. जुलैतच व्हायला हवं होतं हे, कुणी अर्ज केला नाही म्हणून राहिलं. तर आता अर्ज करा, त्यात 'आईची जामीनदार आणायची ऐपत नाही' हे सरळ लिहा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, वकील फुकट मिळतो, फोन करायचा तर 15100.

अजून एक, एफआयआरची झेरॉक्स घेऊन कलम बघा. नुसतं खेचून नेल्याचं असेल तर शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं, म्हणजे या कायद्यात तो किरकोळ गुन्हा, आणि किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढवून, ते पण कारण लेखी देऊन. तेवढ्यातही संपली नाही तर केस बंद. तो मंडळासमोर पहिल्यांदा 21 मे च्या आसपास उभा राहिला असणार, म्हणजे 21 नोव्हेंबरच्या आसपास सहा महिने भरतात. वकिलाला ही तारीख आत्ताच डायरीत लिहायला लावा. जबरी चोरीचं कलम लावलं असेल तर मात्र हे लागू नाही.

पुढं नोकरीत अडेल का असं बहीण विचारेलच. नाही अडत, या कायद्याखाली निकाल लागला तरी त्यामुळं पोरगा कशाला अपात्र ठरत नाही.

तारखेला जाताना दाखल्याची ओरिजिनल न्या, झेरॉक्स दोन ठेवा. आणि केकचं मनाला लावून घेऊ नका, बाहेरचं खाणं बऱ्याच ठिकाणी आत घेत नाहीत. भेटीच्या दिवशी धुतलेले कपडे न्या, पण गेटवर आधी विचारून.