कॅमेऱ्याआधी उतार बघ

मित्रांबरोबर बॅककंट्री स्कीइंगची, म्हणजे रिसॉर्टबाहेरच्या मोकळ्या डोंगरउतारांवरच्या स्कीइंगची, फिल्म करायची म्हणतोस, तर आधी सगळ्यांनी हिमस्खलनाचं प्रशिक्षण घ्या. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतात, आणि शूट करावेसे वाटतात ते नेमके हेच उतार. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा सिग्नलवरून माग काढणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवंच, कॅमेरा धरणाऱ्याकडेसुद्धा. फोन आणि ॲक्शन कॅमेरा ट्रान्सीव्हरपासून किमान 20 सेंटिमीटर लांब ठेव, शोध घेताना 50. नाहीतर सिग्नलमध्ये अडथळा येतो. उतारावर एका वेळी एकच जण. कॅमेरा त्या उताराखाली कधीच नको; समोरच्या डोंगरधारेवरून शॉट दिसतोही जास्त चांगला.

कॅमेरा चालू असला की माणूस एरवी घेणार नाही ती जोखीम घेतो. म्हणून 'आज नको' म्हणायचा हक्क प्रत्येकाला द्या, आणि त्यावर वाद घालू नका.

ताज्या बर्फावर माग उमटले की दुसरा टेक नाही. त्यामुळे वॉकीटॉकीवर 'रेकॉर्डिंग सुरू' ऐकल्याशिवाय कुणी निघायचं नाही. बर्फ राखाडी दिसू नये म्हणून एक्स्पोजर थोडं वाढव. थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात, आतल्या खिशात ठेव. आणि चढतानाचे, दमल्याचे, हसण्याचेही शॉट घे. नुसत्या उड्या बघून प्रेक्षक लवकर कंटाळतो.