‘अपंग असूनही सुंदर’ या ओळीतला ‘ही’

प्रश्न असा आला आहे: ‘लिपस्टिकच्या जाहिरातीचा मजकूर लिहिते आहे. छायाचित्रातल्या मॉडेलचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. मी ओळ लिहिली, “अपंग असूनही सुंदर”. सहकाऱ्यांना “अपंग” खटकतो. कुणी “दिव्यांग” सुचवतं, कुणी “विशेष”. मराठीत योग्य शब्द कोणता? आणि खालच्या ओळीत “स्वतःला स्वीकारा” लिहावं की “स्वतःला पत्करा”?’

‘अपंग’च्या जागी कोणताही शब्द बसवला तरी ही ओळ सुधारणार नाही, असं माझं मत आहे. तिला खरा बट्टा लागला आहे तो ‘असूनही’मुळे.

‘असून’ हे एरवी निरुपद्रवी रूप. ‘ऊन’ प्रत्यय सहसा आधी घडलेली क्रिया दाखवतो: जेवून गेला, बघून आली. ‘असणे’ला तो लागला की क्रियेचा क्रम उरत नाही, दोन गोष्टी नुसत्या शेजारी बसतात. ‘त्या डॉक्टर असून कविताही लिहितात.’ डॉक्टर असण्याचं आणि कवितेचं इथे भांडण नाही. आता ‘त्या डॉक्टर असूनही कविता लिहितात’ म्हणून पाहा. लगेच वाटतं, डॉक्टरांनी कविता लिहिणं अपेक्षित नव्हतं. म्हणजे ‘असूनही’ वापरणारा एक नियम गृहीत धरतो आणि समोरची व्यक्ती त्याला अपवाद आहे असं सांगतो. हा नियम वाक्यात कुठेच लिहिलेला नसतो, वाचणाऱ्याला तो मनातून पुरवावा लागतो.

पडताळून पाहायचं तर ‘उंच असूनही सुंदर’ अशी ओळ लिहून बघा. वाचणारा अडखळेल, ‘उंच असूनही म्हणजे काय?’ म्हणून विचारेल. मग ‘सावळी असूनही सुंदर’, ‘जाड असूनही सुंदर’, ‘साठीची असूनही सुंदर’ वाचा. इथे कुणीच अडखळत नाही, आणि दुखतं ते त्याचंच. सावळेपणा, जाडी, वय, अपंगत्व यांना सौंदर्याच्या बाहेर ठेवणारा नियम आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आधीपासून बसलेला असतो. तुमची जाहिरात तो मोडायला निघाली आहे, पण ही ओळ समजण्यासाठी वाचणाऱ्याला तोच नियम पुन्हा एकदा कबूल करावा लागतो.

‘असूनसुद्धा’, ‘असूनदेखील’, ‘असली तरी’ ही त्याचीच भावंडं. ‘पण’ही त्यातलाच: ‘पायाने अधू, पण चेहरा किती गोड!’ नुसता ‘ही’ काढून ‘अपंग असून सुंदर’ केलंत तरी धोका टळत नाही, कारण ‘एवढा मोठा असून रडतोस?’ या वाक्यात ‘ही’ नसतानाही विरोध ऐकू येतोच. ऐकणाऱ्याच्या मनात पूर्वग्रह असेल तर साधा ‘असून’सुद्धा तिकडेच झुकतो.

मी गेली वीस वर्षं कानामागे श्रवणयंत्र लावतो. ‘यंत्र असूनही तुमचे उच्चार किती स्वच्छ आहेत!’ हे मी असंख्य वेळा ऐकलं आहे. बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं, याची मला खात्री आहे. तरीही प्रत्येक वेळी कळतं की माझ्याकडून अस्वच्छ बोलण्याची अपेक्षा होती. म्हणून या एकाक्षरी ‘ही’बद्दल मी इतकं लिहितो आहे.

आता नामांकडे. ‘व्यंग’ तुम्ही सुचवला नाहीत ते बरं झालं. वि आणि अंग मिळून तो झाला, मुळात अंगाची उणीव. पण मराठीत तो स्वभावातल्या आणि कामातल्या दोषालाही लागतो. आपण ‘व्यंगावर बोट ठेवतो’, आणि निर्दोष गोष्टीला ‘अव्यंग’ म्हणतो. शरीराची एक अवस्था आणि दोष या दोन्हींना एकच नाव पडलं, की त्या अवस्थेकडे दोष म्हणून बघण्याची सवय भाषाच लावते. ‘कोड’चं दुखणं याच जातीचं. तो शब्द ‘कुष्ठ’वरून आला, आणि ‘श्वेतकुष्ठ’ या नावात तर कुष्ठ उघडच आहे. त्वचेतला रंग तयार करणाऱ्या पेशी नाहीशा झाल्याने पडणाऱ्या या पांढऱ्या डागांचा कुष्ठरोगाशी संबंध नाही, ते संसर्गाने पसरतही नाहीत. तरी नावापायी माणसं हात आखडून घेतात.

‘दिव्यांग’ वापरात आला तो पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मध्ये आकाशवाणीवरच्या भाषणात सुचवल्यावर. पुढे अपंगांच्या हक्कांसाठीच्या २०१६च्या कायद्याच्या हिंदी नावातही तो गेला, आणि आज सरकारी मराठीत तोच चालतो. अनेकांना तो आपला वाटतो. अनेकांना वाटत नाही, कारण दिव्यत्वाचं ओझं त्यांनी मागितलेलं नाही. त्यांना उतार हवा, लिफ्ट हवी, जाहिरातीत काम हवं. मीही या दुसऱ्या बाजूचा आहे. ‘विशेष’चं तसंच. दोन्ही शब्द माणसाला उचलून आणखी वेगळ्या जागी नेऊन ठेवतात. ‘अपंग’ मला रोखठोक वाटतो, पण त्याने सगळं माणूस एका शब्दात झाकलं जातं. अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या करारात माणूस आधी येतो. मराठीत ते ‘अपंगत्व असलेली व्यक्ती’ असं होतं. लांबलचक आहे, लेखात चालेल, जाहिरातीच्या ओळीत जड होईल. एक शब्द मात्र कुठेच नको: ‘ग्रस्त’. ग्रस्त म्हणजे गिळलेला. ग्रहण लागलेला सूर्य ग्रस्त असतो. सर्वोच्च न्यायालयानेही ८ जुलै २०२४च्या निकालात, पडद्यावर अपंगत्व दाखवताना ‘ग्रस्त’, ‘पीडित’ अशा छटेची भाषा टाळायला सांगितलं आहे.

छायाचित्रातल्या बाईंना विचारलंत का? त्या स्वतःसाठी कोणता शब्द वापरतात, यापुढे माझं मत गौण आहे. आम्हा कानाने कमी ऐकणाऱ्यांनाही ‘मूकबधिर’ म्हणत, न विचारता. आम्ही मूक नाही. ‘कर्णबधिर’ रुळायला फार काळ गेला.

पण मुळात या ओळीत तो शब्द हवाच का? पाय तर छायाचित्रात दिसतो आहे. १९९८ मध्ये लंडनमधल्या एका फॅशन शोमध्ये एमी मुलिन्स ही अमेरिकन धावपटू कोरीव लाकडी कृत्रिम पायांवर चालली, आणि बघणाऱ्यांपैकी काहींना ते उंच बूटच वाटले. गुच्चीच्या २०२० मधल्या मस्कऱ्याच्या छायाचित्रांत डाउन सिंड्रोम असलेली एली गोल्डस्टीन होती, आणि चित्राचा विषय मस्कराच होता. तुमच्या ओळीचा विषयही लिपस्टिक असू द्या. अमुक लाल, दुपारपर्यंत टिकणारा, ओठ कोरडे न करणारा, असं काही. पायाचा उल्लेख हवाच असेल तर दोन गोष्टी शेजारी ठेवा आणि मधलं अव्यय गाळा: ‘पाय कार्बन फायबरचा. ओठ गडद लाल.’ मराठीला असं तुटक वाक्य शोभतं, आणि इथे कुणी कुणाला अपवाद ठरत नाही.

सौंदर्यासाठी शब्दच हवा असेल तर ‘लावण्य’ आठवा. तो ‘लवण’वरून आला, म्हणजे मुळात मिठाची चव. एका संस्कृत श्लोकात त्याची व्याख्या आहे: मोत्याच्या आत जशी तरळती झळाळी दिसते, तशी अंगात दिसते ते लावण्य. किती अवयव, केवढे, कुठल्या रंगाचे, याची मोजणी त्या व्याख्येत नाही.

राहिला खालचा प्रश्न. ‘पत्करणे’ नको. आपण जोखीम पत्करतो, हार पत्करतो. तिथे नाइलाज असतो, ‘पदरी पडले पवित्र झाले’ची छटा असते. ‘स्वीकारणे’ वेगळं आहे. संस्कृतात ‘स्व’ला ‘कृ’ जोडताना मधला ‘अ’ जाऊन ‘ई’ येते. शुद्धीकरण, एकीकरण यांतली ई तीच. जे आधी तसं नव्हतं ते तसं करणं, असा या ईचा अर्थ. म्हणून ‘स्वीकार’ म्हणजे जे आपलं वाटत नव्हतं ते आपलं करणं. माझ्या कानामागचं यंत्र पहिली काही वर्षं मी केसांखाली लपवत असे. ते माझं व्हायला जो वेळ लागला, तो या ईमध्ये मला दिसतो. तेव्हा ‘स्वीकारा’च ठेवा, फक्त आज्ञार्थ काढून बघा. ज्यांनी आजवर अशा चेहऱ्यांना जाहिरातीत जागा दिली नाही, त्यांनीच ‘स्वतःला स्वीकारा’ म्हणून सांगणं ऐकणाऱ्याला बोचतं. छायाचित्रातल्या बाईंच्या तोंडी, त्यांना मान्य असेल तर, ‘मी स्वीकारलं’ हे वाक्य नीट बसेल.