सुलतानगंजचा बुद्ध गांधार शैलीचा, गुप्त की पाल?

तुम्ही विचारलंय की बर्मिंगहॅमच्या संग्रहालयातली सुलतानगंजची ब्राँझ बुद्धमूर्ती कोणत्या शैलीची, आणि बिहारमध्ये सापडलेली असून तिला पाल, म्हणजे बिहार-बंगालच्या पाल राजांच्या काळातली, का म्हणत नाहीत. दोन्ही खांदे चीवरानं, म्हणजे भिक्षूच्या वस्त्रानं, झाकलेले आहेत म्हणून ती गांधार (आजच्या पेशावरच्या बाजूची) असावी, असा तुमचा कयास आहे. तो बरोबर नाही, पण चुकलात तरी योग्य जागी बघताय. बुद्धमूर्तीचा प्रांत ओळखायचा तर आधी चीवरच बघावं. चेहरा फसवतो, कापड सहसा फसवत नाही.

आधी धातूचं बोलतो. आपण सगळेच सवयीनं 'ब्राँझ' म्हणतो, पण ही मूर्ती जवळजवळ शुद्ध तांब्याची आहे. आपल्याकडे तांबट आणि कासार हे दोन वेगळे व्यवसाय का, हे ज्याला माहीत आहे त्याला यातली गोम लगेच कळेल. तांब्यात कथील घातलं की कासं होतं; ते कमी आचेवर वितळतं आणि साच्यात सरसर पळतं. नुसतं तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सिअस तापमान लागतं, ते जडपणे वाहतं, हवा धरतं, ओतकामात पोकळ्या राहतात. असल्या तांब्याची सव्वादोन मीटरहून उंच, पाचशे किलोहून जड मूर्ती मेणाच्या नमुन्यावर मातीचा साचा करून ओतायची, म्हणजे त्या कारागिरांचा हात किती बसलेला असेल! एवढ्या मोठ्या कामाच्या मागे पिढ्यांचा सराव असतो. श्वेनत्सांग या चिनी प्रवाशानं नालंदाजवळ पूर्णवर्मा राजानं घडवलेली सुमारे ८० फूट उंच तांब्याची बुद्धमूर्ती पाहिल्याचं लिहून ठेवलंय. आकडा फुगवलेला असेल असं धरलं, तरी मगध-अंग भागात, म्हणजे आजच्या दक्षिण बिहारात, भव्य धातुमूर्तींची परंपरा होती हे त्यातून दिसतं. बाकीच्या पुढं वितळवल्या गेल्या असणार, धातूचं तेच होतं. त्या काळातली एवढी मोठी, जवळपास अखंड राहिलेली धातूची बुद्धमूर्ती दुसरी नाही.

ही वाचली ती जमिनीखाली होती म्हणून. सुलतानगंज भागलपूर जिल्ह्यात, गंगेच्या काठावर. श्रावणात कावडिये जिथून गंगेचं पाणी भरून पायी देवघरला निघतात, तेच हे गाव. तिथं १८६१-६२ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेचं काम चालू असताना हॅरिस नावाच्या इंजिनिअरला जुन्या विहाराचे, म्हणजे बौद्ध मठाचे, अवशेष लागले. सुमारे दहा फूट खाली आधी मूर्तीचा उजवा पाय मिळाला, मग बाकीची मूर्ती. ती मूळ जागेवरून हलवून तिथं लपवली असावी, असं त्याचं मत होतं. पुढं बर्मिंगहॅमचे माजी महापौर आणि रेल्वेला लोखंडी सामान पुरवणारे व्यापारी सॅम्युअल थॉर्नटन यांनी २०० पौंड भरून ती इंग्लंडला नेली आणि १८६४ मध्ये शहराला देऊ केली. तिथलं संग्रहालय उघडलं १८८५ मध्ये. म्हणजे मूर्ती आधी पोचली, संग्रहालय मागून आलं. ती तिथं असल्याचं मला वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही.

आता शैली. गांधारचं चीवर जाड असतं, लोकरीच्या शालीसारखं. चुण्या खोल, वजनदार, त्यांच्यात सावली साठते. मथुरेच्या गुप्तकाळातल्या मूर्तींत कापड पातळ होतं, पण चुण्या राहतात. लाल दगडावर एकसारख्या दोऱ्या वळवून ठेवाव्यात तशा त्या गळ्यापासून खाली कमानी करत उतरतात. सारनाथला चुण्याही गेल्या. इसवी सन ४७३ आणि ४७६ च्या लेख असलेल्या मूर्ती बघा: कापड आहे हे फक्त गळ्याच्या रेषेवरून आणि खालच्या काठावरून कळतं, मधे नुसतं अंग. दोन्ही खांदे मात्र या तिन्ही ठिकाणी झाकलेले सापडतात. त्यामुळे ती गांधारची खूण धरता येत नाही.

सुलतानगंजचा बुद्ध या हिशेबात सारनाथचा, म्हणजे गुप्त शैलीचा. निमुळतं अंग, अंगाला भिजून चिकटल्यासारखं चीवर, दोन्ही बाजूंना पंखांसारखे पसरलेले काठ. पण जवळ जाऊन तिरक्या उजेडात बघितलं की अंगावर उथळ, बारीक चुण्यांच्या रेषा दिसतात. ही मथुरेची आठवण. मला या मूर्तीत सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या याच रेषा. लांबून बघणाऱ्याला त्या दिसतही नाहीत, तरी कारागिरानं त्या सोडलेल्या नाहीत.

हातही बघा. उजवा अभयमुद्रेत, म्हणजे 'भिऊ नका' असं सांगत, उचललेला, डावा खाली, तळवा बाहेर करून चीवराचा काठ धरलेला. बोटांच्या मधे पातळ पडदा आहे, बदकाच्या पायाला असतो तसा. महापुरुषाच्या ३२ लक्षणांपैकी ते एक. दगडात त्या पडद्यानं बोटं तुटत नाहीत. इथं वितळलेल्या तांब्याला बोटांच्या टोकापर्यंत पोचायलाही तो उपयोगी पडला असेल, असं मला वाटतं.

पाल का नाही, याचं उत्तर सोपं आहे. मूर्तीचा काळ साधारण ५०० ते ७०० मधला मानतात आणि पाल घराणं आलं आठव्या शतकाच्या मध्यात. पाल धातुमूर्ती कशा असतात ते बघायचं तर कुर्किहारचा साठा बघा. गया भागात १९३० मध्ये सापडला, दोनशेहून अधिक मूर्ती. प्रभावळी, मुकुट, दागिने, सगळं भरगच्च. त्यांवरच्या लेखांत कांचीहून आलेल्या दात्यांची नावं आहेत, म्हणजे मूर्ती बिहारची आणि पुण्य तमिळ भाविकाचं. प्रांतांच्या शैली अशा माणसांच्या पायांनी फिरतात. सुलतानगंजची शैली उत्तरेकडं नेपाळात गेलेलीही दिसते. क्लीव्हलँडच्या संग्रहालयातला ५९१ चा लेख असलेला नेपाळी बुद्ध तिच्या कुळातला आहे. तिकडं तर तांब्याचीच आवड पुढं शतकानुशतकं टिकली.

उलट उदाहरण आपल्या शेजारचं आहे. बऱ्हाणपूरजवळ फोफनारला १९६४ मध्ये सात बुद्धमूर्ती निघाल्या, त्या आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. वाकाटकांच्या, अजिंठ्याच्या मुलखातल्या. पण तिथं उजवा खांदा उघडा ठेवण्याची पद्धत दिसते, आणि ती आंध्रातून, अमरावतीच्या बाजूनं आलेली. सुलतानगंजच्या फोटोशेजारी फोफनारचा फोटो ठेवा. दोन्ही धातूचे, दोन्ही उभे, काळातही फार अंतर नाही, तरी एक गंगेकडं तोंड करून आहे आणि दुसरा कृष्णेकडं, हे खांद्यावरूनच कळेल.

बर्मिंगहॅमला जाणार असाल तर दालन उघडं आहे ना, याची आधी चौकशी करा. मूर्तीसमोर पोचलात की लगेच फोटो काढू नका. बाजूला सरकून डाव्या हातात धरलेला तो काठ बघा, तांबं तिथं किती पातळ उतरलंय ते फोटोत येत नाही.