पुढचा भाग कधी येणार?

एका वाचकाने मागे विचारलं होतं, ‘कोणत्या पिढीचं बालपण कोणत्या मालिकेने घडवलं?’ त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलंय. आयुष्य ग्रंथालयाच्या बालविभागात गेलं, त्यामुळे माझी मतं पुस्तकांकडे झुकलेली असणार. तेवढं सांभाळून घ्या.

प्रश्न : माझा जन्म १९७० चा. ‘स्टार वॉर्स’ म्हणजे पहिले तीन चित्रपट, बाकी सगळी भर. माझा भाचा मात्र १९९९ नंतरच्या तीन चित्रपटांना डोक्यावर घेतो. आमच्यात कायम खडाजंगी होते. तुम्हीच निकाल द्या.

भाच्याशी वाद घालू नका, हरणार आहात. तुमचे तीन चित्रपट जास्त चांगले आहेत, हे मलाही मान्य आहे. पण बालपण कोणाचं, हे चित्रपट चांगला की वाईट यावर ठरत नाही. गोष्ट अर्धवट असताना आपण किती वर्षांचे होतो, यावर ठरतं.

तुमचंच बघा. १९७७ साली तुम्ही सात वर्षांचे होता, १९८० साली दहा आणि १९८३ साली तेरा. दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटी खलनायक डार्थ व्हेडर नायक ल्यूकला सांगतो, मी तुझा बाप आहे. आज पाळण्यातल्या पोरालाही हे ठाऊक असतं. तेव्हा मात्र तो खरं बोलतोय की थापा मारतोय, हे कळायला तीन वर्षं थांबावं लागलं. व्हेडरला आवाज देणारा जेम्स अर्ल जोन्स पुढे सांगायचा, की संवाद पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यालाही वाटलं होतं, हा खोटं बोलतोय. जोन्सची ही गत, तर दहा वर्षांच्या मुलांचं काय झालं असेल! ती तीन वर्षं म्हणजे तुमचं ‘स्टार वॉर्स’. पडद्यावरचे दोन-दोन तास त्यातला लहानसा भाग.

आता भाच्याकडे या. १९९९, २००२, २००५. त्यालाही सहा वर्षं मिळाली, तीही अगदी शाळेच्या वयात. दोन्ही टोकांना पाती असलेली लाल तलवार त्याने आधी पाहिली, तुमचा व्हेडर नंतर. तुमच्या वयाच्या लोकांनी तेव्हा त्या चित्रपटांवर नाकं मुरडली, कारण तुम्ही तीस वर्षांचे होऊन तिथे सात वर्षांचं व्हायला गेला होतात. तो खरोखरच लहान होता. २०१५ साली तिसरी फळी आली, तेव्हा याच भाच्याने नाक मुरडलं की नाही, विचारून पाहा.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे. ‘हॅरी पॉटर’चे सातही भाग एका सुट्टीत संपवायचा तिने चंग बांधलाय. वाचू द्यावं का? मी स्वतः पहिलं पुस्तक अकराव्या वर्षी वाचलं आणि शेवटचं कॉलेजात असताना.

तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. पहिलं पुस्तक जून १९९७ मध्ये आलं आणि सातवं जुलै २००७ मध्ये. म्हणजे हॅरी शाळेत जितका वाढला, त्याहून थोडं जास्तच वाचकाला वाढावं लागलं. पुस्तकंही त्याच अंगाने वाढत गेली. मूळ इंग्रजी आवृत्तीत पहिलं पुस्तक २२३ पानांचं आहे, पाचवं ७६६ पानांचं. नुसती पानं वाढली नाहीत. पहिल्यात भीती आहे ती तीन डोक्यांच्या कुत्र्याची. चौथ्याच्या शेवटी एक शाळकरी मुलगा मरतो आणि त्याचं प्रेत त्याच्या बापासमोर आणलं जातं. पाचव्यात तर हॅरी इतका चिडचिडा आहे की नऊ वर्षांच्या वाचकाला तो नकोसा वाटेल. पंधरा वर्षांच्या वाचकाला वाटेल, हा माझीच डायरी वाचतोय.

ग्रंथालयात परत आलेल्या प्रती हाताळताना हे दिसायचं. पहिल्या तीन पुस्तकांचे कोपरे गोल झालेले, पानांवर बोटांचे डाग, मधूनच पेन्सिलीने काढलेला चष्मा. पाचव्याचा कणा नेमका मध्यावर मोडलेला, आणि त्याच्या पुढची पानं कोरी करकरीत. लहान मुलं तिथे थांबायची. काही वर्षांनी तीच मुलं, आवाज फुटलेली, येऊन तेच पुस्तक मागायची.

चौथं आलं जुलै २००० मध्ये, पाचवं जून २००३ मध्ये. मधल्या तीन वर्षांत मुलांनी काय काय रचलं! कोण मरणार, कोण फितूर होणार, कोणाचं कोणावर प्रेम बसणार. सहावं पुस्तक २००५ साली संपलं, तेव्हा हॅरीच्या शाळेतला मास्तर स्नेप कोणाच्या बाजूचा यावर मित्रमैत्रिणी एकमेकांशी बोलेनाशा झालेल्या मी पाहिल्यात. तुमच्या लेकीला याचं उत्तर सुट्टी संपायच्या आत मिळेल. त्यात तिचा दोष नाही, पण तिच्या हातात पडतंय ते वेगळं पुस्तक आहे.

तेव्हा बंदी घालू नका, बंदीने पुस्तक पांघरुणात जातं. पहिली तीन खुशाल फडशा पाडू दे. चौथं तुम्ही तिच्याबरोबर वाचा, रोज एक प्रकरण, आणि पुढे काय होणार याचा अंदाज तिला करायला लावा. उत्तर माहीत असूनही तोंड बंद ठेवणं तुम्हाला जड जाईल, पण ठेवा. पाचवं तिने स्वतःहून मागितलं तर द्या. माझा अनुभव असा, की नवव्या वर्षी ते बहुतेक जण अर्ध्यावर सोडतात आणि त्यात काही बिघडत नाही.

प्रश्न : ‘टॉय स्टोरी ३’ पाहताना माझा बाविशीतला मुलगा ढसाढसा रडला होता. शेजारी बसलेली लहान मुलं मजेत होती. खेळण्यांच्या चित्रपटात रडण्यासारखं काय आहे?

तुमच्या मुलाचं आणि त्या खेळण्यांचा मालक अँडी याचं गणित जुळत होतं. पहिला चित्रपट १९९५ चा, तेव्हा तो सात वर्षांचा असणार. तिसरा २०१० साली आला आणि त्यात अँडी सतरा वर्षांचा होऊन कॉलेजला निघालाय. पहिल्या चित्रपटात अँडीला ज्या मुलाचा आवाज आहे, त्याच जॉन मॉरिसने मोठा होऊन तिसऱ्यातही अँडीला आवाज दिला. हे कोणाला सांगितल्याशिवाय कळत नाही, पण कुठेतरी लागत असणार.

शेवटचा प्रसंग परत बघा. अँडी आपली खेळणी एकेक करून छोट्या बॉनीला देतो, प्रत्येकाची ओळख करून देतो. खोक्याच्या तळाशी त्याचा लाडका काउबॉय बाहुला वुडी निघतो. तो तिथे असेल हे अँडीच्या ध्यानीमनीही नसतं. बॉनी हात पुढे करते आणि अँडीचा हात आपोआप मागे जातो. क्षणभरच. लहान मुलांना तिथे एक दादा खेळणं द्यायला कांकूं करताना दिसतो. बाविशीतल्या मुलाला तो हात स्वतःचा दिसतो. २०१९ साली चौथाही आला. माझ्यापुरता तिसरा शेवटचा.

प्रश्न : आमच्या लहानपणी एनिड ब्लायटनचं ‘फेमस फाइव्ह’ होतं. त्यात ना पुढच्या भागाची ओढ, ना कोणी मोठं होत. तुमच्या तर्काने आम्हाला बालपणच नव्हतं म्हणायचं!

छान पकडलंत. १९४२ ते १९६३, एकवीस पुस्तकं, आणि सुट्ट्या इतक्या की हिशेब मांडला तर त्यातला थोरला मुलगा ज्युलियन नोकरीतून निवृत्तीला यायला हवा. कोणतंही पुस्तक आधी वाचा, कोणतंही नंतर, टिमी कुत्रा तसाच शेपूट हलवतोय. इथे सुख नेमकं उलटं आहे : काहीही बदलणार नाही याची खात्री. माझा नियम या मालिकेला लागत नाही, आणि तिच्यासाठी नियम मोडायला माझी ना नाही. एका पिढीची मालिका म्हणता येत नाही ती यामुळेच. आजी, आई आणि नात तिघींनाही त्याच वयाचे ज्युलियन आणि जॉर्ज भेटतात.

प्रश्न : आजी, मी नववीत आहे. सगळं आमच्या आधीच येऊन गेलं. आम्हाला सगळे भाग एकदम मिळतात. आमची मालिका कोणती?

अगं, इतकंही एकदम नाही. मार्व्हलच्या सुपरहिरो चित्रपटांची गाडी २००८ साली ‘आयर्न मॅन’ने सुटली आणि ‘एंडगेम’ हा बाविसावा चित्रपट २०१९ साली आला. त्याच्या आदल्या वर्षीच्या चित्रपटात अर्धी सृष्टी धूळ होऊन संपली आणि जगभरातली पोरं वर्षभर टांगणीला लागली. पण तेव्हा तू फारच लहान होतीस, त्यामुळे ती तुझ्या दादा-ताईंची.

तुझी कोणती हे मला सांगता येणार नाही. १९९७ साली पहिल्या ‘हॅरी पॉटर’च्या फक्त ५०० पक्क्या बांधणीच्या प्रती छापल्या होत्या, म्हणजे प्रकाशकालाही सुगावा नव्हता. मला खूण एवढीच माहीत आहे. कोणत्या गोष्टीचा पुढचा भाग अजून आलेला नाही आणि तुम्ही मैत्रिणी मधल्या सुट्टीत त्यावरून भांडता? गेम असेल, कॉमिक्स असेल, मोठ्यांनी नावही न ऐकलेली ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, असेल. नाव मला कळव.

प्रश्न : ‘नार्निया’ची सात पुस्तकं कोणत्या क्रमाने द्यावीत? संचावर ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ला पहिला क्रमांक आहे.

प्रकाशनाच्या क्रमाने, म्हणजे १९५० पासून १९५६ पर्यंत जशी आली तशी. ‘नेफ्यू’ १९५५ साली आलं, सहावं. एका मुलाला १९५७ साली लिहिलेल्या पत्रात स्वतः लेखक सी. एस. लुईसने घटनाक्रमाकडे कौल दिला होता, आणि त्याच पत्रात क्रमाला फारसं महत्त्व नसेल असंही म्हटलं होतं. मला आहे. पहिल्या आलेल्या पुस्तकात ल्यूसी नावाची मुलगी कपाटातून बर्फात उतरते आणि रानाच्या मधोमध तिला रस्त्यावरचा दिव्याचा खांब दिसतो. तो तिथे आला कुठून, हे ‘नेफ्यू’ सांगतं. ते आधी वाचलं तर खांब नुसता खांब राहतो. संचावरचे क्रमांक कागद चिकटवून झाका.