सिंहपुच्छ माकड आंबोलीत का नाही? आणि खात्रीने बघायचं तर कुठे जावं?

सिंहपुच्छ हे पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडचं, सदाहरित जंगलात राहणारं काळं माकड. ते आंबोलीत नाही, तिलारीत नाही, चांदोलीतही नाही. कुणी फोटो टाकला असेल तर आधी शेपूट बघा. संध्याकाळी उजेडाच्या विरुद्ध बाजूने पाहिलं की आपला काळतोंड्या वानरसुद्धा काळाकुट्ट दिसतो. पण त्याचं शेपूट लांबलचक असतं. सिंहपुच्छाचं जेमतेम हातभर, टोकाला गोंडा, आणि चेहऱ्याभोवती करडी आयाळ.

इतकं ठासून सांगायचं कारण आमचे दाजी. त्यांनी हे माकड आंबोलीजवळ चौकुळच्या रस्त्यावर 'स्वतःच्या डोळ्यांनी' पाहिलंय आणि घरात कुठलंही कार्य असलं की पंगतीत हा विषय निघतोच. मध्यंतरी आम्ही सगळे तमिळनाडूत वालपराईला गेलो. पुदुतोट्टमजवळ रस्त्यालगत अख्खी टोळी बसलेली. एक छपरावर चढून कौलं उचकटतंय, दुसरं कचऱ्यात हात घालून बसलंय. दाजींनी काच खाली करून बिस्किटाचा पुडा पुढे केला (असं करू नका) आणि मला म्हणाले, "बघ, चहाच्या मळ्यात मजेत राहतंय. याला कसलं सदाहरित जंगल लागतंय? मग आंबोलीत का नसेल?" मी तोंड उघडलं तर ताईने गप्प केलं. म्हणून इथे लिहितोय.

पुदुतोट्टम हा चहाच्या मळ्यांनी वेढलेला जंगलाचा जेमतेम ९२ हेक्टरचा तुकडा. धड एक चौरस किलोमीटरही नाही. अखंड जंगलात वीसेक माकडांची एक टोळी याहून मोठा मुलूख फिरते, तोही बहुतेक शेंड्याशेंड्यांवरून. जमिनीला क्वचित पाय लावते. इथे शंभरावर माकडं कोंडलीत. झाडं विरळ झाली, फांदीला फांदी लागेना, म्हणून ती खाली उतरतात आणि गाड्यांखाली सापडतात. रस्त्यावरून पलीकडे जायला त्यांच्यासाठी झाडांना पूल बांधावे लागलेत. सकाळी नाक्यावर उभा असलेला मजूर नाक्यावर राहतो असं कुणी म्हणतं का? त्यात मादीला पहिलं पिल्लू साधारण सहाव्या वर्षी, पुढचं अडीच-तीन वर्षांनी. एक माकड चिरडलं की ते भरून यायला काय लागतं याचा हिशेब करा.

आता आंबोली. पाऊस सात हजार मिलिमीटरच्या आसपास, पण सगळा चार महिन्यांत. पुढे सात-आठ महिने कोरडे. जंगल अंजनी-जांभळाचं, उंचीला बुटकं. वानर पाला पचवतो, त्याचं भागतं. सिंहपुच्छाला बारा महिने फळं आणि किडे लागतात. केरळात दोन्ही पावसाळे मिळतात, तिथे एक झाड आटपलं की दुसरं फळतं. काही जण सगळं खापर कुलेनियाच्या झाडावर फोडतात. दक्षिणेत या माकडाचं ते मोठं अन्न आहे खरं, पण कर्नाटकात शिरसीकडे कुलेनिया नाही आणि माकड आहे. तिथे ते उंबर-वडाच्या जातीची फळं, उप्पगे (कोकमाच्या जातीचं फळ) वगैरेंवर निभावतं.

तुम्हाला जायचंच तर शिरसी-होन्नावर पट्ट्यात जा. आपल्याला जवळचं तेच, कारवारच्या जिल्ह्यातलं. २०११ साली तिथल्या अघनाशिनी नदीच्या खोऱ्यात या माकडासाठी राखीव क्षेत्र झालं. खात्री मात्र नाही. शेंड्यावर फांद्या हलतील, मान मोडेल, फोटोत काळा ठिपका येईल. वालपराईत हमखास दिसेल, पण ते पाहून आल्यावर 'त्यांचं जंगल पाहिलं' असं सांगत फिरू नका. उप्पगे पावसाळ्यात पिकतं आणि गावकरीही तेच गोळा करतात, त्या दिवसांत मध्ये लुडबुड नको.

एक गोष्ट दाजींच्या बाजूची. जुन्या नोंदी या माकडाला शिरसीच्याही वर, गोव्याच्या हद्दीजवळ नेतात, म्हणजे उत्तरेकडची सीमा खाली सरकलेली आहे. तेव्हा 'पूर्वी कधीच वर नव्हतं' असं मी म्हणणार नाही. पण दाजींनी पाहिलं ते हल्लीच, भर पावसात, चालत्या गाडीतून. आणि फांदीवरून शेपूट चांगलं दोन हात लोंबत होतं, हे त्यांनीच मला सांगितलंय.