ट्रॅप (सिग्नल आल्यावर काय करायचं ते सांगणारी ओळ) लावलाय तरी बॅश स्क्रिप्ट टर्म सिग्नल ("बंद हो" हा निरोप) ऐकत नाही, दोन तासांचा आरसिंक (फाइली कॉपी करणारी कमांड) चालूच राहतो. किल -९ शिवाय उपाय आहे का?

किल -९, म्हणजे आवरायला वेळ न देता जागीच ठार, हे वाचलं आणि लिहायला बसलो, नाहीतर मी इथे नुसता वाचत असतो.

ट्रॅप तुम्ही बरोबरच लावला असणार. पण पुढ्यात एखादी कमांड चालू असेल तर सिग्नल आला तरी बॅश ती संपेपर्यंत ट्रॅपला हात लावत नाही, नुसती नोंद करून ठेवतो. आरसिंक दोन तास तर ट्रॅपही दोन तासांनी. हाताने कंट्रोल-सी मारून बघितलं की मात्र लगेच चालतं, कारण टर्मिनल तो सिग्नल पुढे चालू असलेल्या अख्ख्या प्रोसेस ग्रुपला (स्क्रिप्ट आणि तिने चालवलेल्या कमांडी) देतं, त्यात आरसिंकही मरतो. म्हणून टेस्टिंगला सगळं गोड आणि प्रॉडक्शनला बोंब.

आमच्याकडे डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवायची सोय) एक पायथन प्रोग्राम होता, क्यू (मेसेजची रांग) वाचून ग्राहकांना एसएमएस पाठवायचा. एंट्रीपॉइंटला (कंटेनर सुरू होताना पहिलं चालतं ते) छोटी शेल स्क्रिप्ट, चार व्हेरिएबल सेट करायचे आणि शेवटच्या ओळीत पायथन, बस. दर डिप्लॉयला (नवी आवृत्ती चढवताना जुना कंटेनर बंद व्हायचा) दहा-बारा लोकांना तोच मेसेज दोनदा जायचा, कारण मेसेज गेलेला पण क्यूला पोच द्यायच्या आत प्रोग्राम मेलेला. एका बाईंना हप्ता थकल्याचा मेसेज रात्री दोन वाजता दोनदा गेला, त्यांचा फोन सकाळी मी घेतला, सरांनी नाही. आमचे सीनिअर सर म्हणाले प्रोग्राम हळू बंद होतोय, टाइमआउट (स्टॉप म्हटल्यावर डॉकर -९ मारायच्या आधी थांबतो ती सेकंदं) वाढव. १० चे ३० केले, ३० चे ६०. मेसेज दोनदाच. मग मी लॉग नीट बघितला तर १० असताना बरोबर दहाव्या सेकंदाला मरतोय, ६० असताना बरोबर साठाव्या, आणि एक्झिट कोड कायम १३७, म्हणजे १२८ अधिक ९, किल -९ ने मेल्याची खूण. अहो, हळू बंद होणारा कधी आठला होईल कधी बाराला, घड्याळ लावून मरणाऱ्याला निरोपच मिळालेला नसतो! डॉकर स्टॉप टर्म देतो फक्त पीआयडी १ ला (कंटेनरमधली पहिली प्रोसेस), तो आमचा शेल, आणि पीआयडी १ ने हँडलर (ट्रॅपसारखंच, सिग्नल आल्यावर चालणारा कोड) लावला नसेल तर त्याच्यासाठी कर्नल टर्म सरळ टाकून देतो. पायथनमध्ये मी हौसेने लिहिलेला हँडलर एकदाही चालला नव्हता. शेवटच्या ओळीच्या सुरुवातीला एक्झेक लिहिलं, त्याने शेलच्या जागी पायथनच पीआयडी १ झाला, कंटेनर दीड सेकंदात बंद. मीटिंगमध्ये सर म्हणाले, "रेस कंडिशन होती, काढली." रेस कसली, पळत कोणीच नव्हतं. टाइमआउट ६० च राहिलाय अजून.

तर तुमचं. एक्झेक तुमच्या उपयोगाचं नाही, शेलच गेला की ट्रॅपही गेला आणि तुम्हाला तर क्लीनअप हवाय. आरसिंकच्या ओळीच्या शेवटी अँड (&) लावून तो बॅकग्राउंडला टाका, त्याचा पीआयडी (प्रोसेस नंबर) ठेवा आणि वेट (तो संपायची वाट बघणारी कमांड) करा. ट्रॅप लावलेला सिग्नल आला की वेट लगेच सुटतो. ट्रॅपमध्ये आधी टर्म आणि इंट (कंट्रोल-सीचा सिग्नल) इग्नोर करा (घाईला आलेला माणूस दोनदा मारतोच), मग आरसिंकला टर्म, परत एकदा वेट, मग फाइली पुसा आणि शेवटी एक्झिट १४३ (१२८ अधिक टर्मचा १५). तो एक्झिट विसरलात तर ट्रॅप संपल्यावर स्क्रिप्ट आपली पुढच्या ओळी चालवत सुटेल, हेही मी करून बसलोय.

हो, आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशच लिहिलंय ना, एसएच नाही ना, ते बघा. उबंटू-डेबियनवर एसएच म्हणजे डॅश, हा वेगळाच शेल, आणि सिग्नलने मेला तर डॅश एक्झिटचा ट्रॅप (स्क्रिप्ट संपताना चालणारा) चालवत नाही, बॅश चालवतो. तिथे टर्मचा ट्रॅप वेगळा लावावा लागतो.

-९ ला मात्र कुठलाच ट्रॅप लागत नाही. लॉकसाठी (स्क्रिप्ट एका वेळी एकदाच चालावी म्हणून) नुसती फाइल बनवत असाल तर ती तशीच पडून राहणार, त्यापेक्षा फ्लॉक घ्या, प्रोसेस कशीही मेली तरी कर्नल ते लॉक सोडतो. फक्त आरसिंककडे तोच डिस्क्रिप्टर (उघड्या लॉक-फाइलचा नंबर, शेलकडून वारशाने जातो) उघडा राहिला नाही ना ते बघा, नाहीतर शेल मेला तरी लॉक त्याच्याकडे.